भुरकाबंदी

मी भुरके मारत जेवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कोणीतरी सांगणारच आहे, आणि माणसाची बेअब्रू व्हायचीच असेल तर ती निदान त्याच्या स्वतःच्या शब्दांत व्हावी. सूप असो, चहा असो, नाहीतर खोकल्याचं औषध असो, जे जे पातळ आहे ते माझ्या तोंडात शिरताना वर्दी देऊन शिरतं. माझे वडील असेच जेवायचे. आजोबांच्या भुरक्याबद्दल तर नातेवाईक अजून बोलतात. आमच्या घराण्यात दागिने, जमीनजुमला वगैरे काही पुढच्या पिढीच्या हाती लागलं नाही, हे एवढं मात्र जसंच्या तसं आलं.

बायकोला आता तो आवाज ऐकू येत नाही, असं ती म्हणते. त्यामुळे एका सकाळी आमच्या एकुलत्या एका लेकीने माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि "बाबा, एक मागू का?" म्हणाली, तेव्हा माझ्या मनात भुरक्याचा विचारही नव्हता. मला वाटलं, लग्नाचं काहीतरी असेल. तिने स्वतःचं लग्न स्वतःच जमवलं होतं. पूल बांधणाऱ्या ज्या कंपनीत ती नकाशे काढते, तिथेच काम करणारा, दूरच्या देशातून आलेला मुलगा. मुलगा चांगला. आपली भाषा जरा अडखळत बोलतो, पण आमच्या साहेबांपेक्षा शुद्ध बोलतो. अडचण एवढीच होती की त्याचे आईवडील महिन्याभराने येणार होते आणि त्यांनी मुलाला साफ सांगितलं होतं की आधी त्या लोकांच्या घरी बसून एकदा जेवू, मग हो की नाही ते बोलू.

"त्या दिवशी तेवढा भुरका नको, बाबा," लेक म्हणाली. "त्याची आई शाळेत मुख्याध्यापिका आहे. फार शिस्तीची आहे म्हणे."

मी "बरं" म्हटलं आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. वाईट वाटलं. उगाच लपवत नाही, फार वाईट वाटलं. ह्याच मुलीला मी मांडीवर बसवून सूप पाजलं आहे, आणि तेव्हा मी आधी एक दणदणीत भुरका मारून दाखवल्याशिवाय ही बया तोंड उघडत नसे. आता तिला त्याच तोंडाची लाज वाटायला लागली. त्या दिवशी ऑफिसला जाता जाता मी ठरवलं की नुसता भुरका बंद करायचा नाही. त्या देशात जेवायला कसं बसतात, चमचा कसा धरतात, केव्हा बोलतात, केव्हा गप्प राहतात, सगळं शिकायचं. असं शिकायचं की होणाऱ्या व्याह्यांनी माझ्याकडे बघून आपला चमचा सरळ करावा. आणि लेकीला यातलं एक अक्षर सांगायचं नाही.

इथे माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. मी एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावक विभागात आहे. त्यातही फक्त आवक. जावक माझ्या शेजारच्या टेबलावर. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर 'आवक' असा गोल शिक्का मारायचा, मधे तारीख. शिक्का बरणीच्या झाकणाएवढा आहे. तो मी रोज घरी नेतो, कारण टेबलावर ठेवला तर जावकवाला उचलतो आणि मग तो परत मिळवायला अर्ज करावा लागतो. पण बत्तीस वर्षांत हाताला असं वळण पडलंय की नवा कागद समोर आला की डोक्याच्या आधी हात चालतो. लेकीच्या पाचवीच्या प्रगतिपुस्तकावर मी शिक्का मारलेला आहे. मेहुण्याने दिलेल्या लग्नपत्रिकेवर, त्याच्यादेखत, मारलेला आहे. मेहुणा तेव्हापासून मोजकंच बोलतो.

तर, शिकायचं कोणाकडून? आमच्या इमारतीत सल्ल्याचा कधी तुटवडा नसतो. तळमजल्यावरच्या शिंप्याने सांगितलं की दोन्ही काखांत वर्तमानपत्राची घडी धरून जेवा, कोपर आपोआप आत राहतात. समोरच्या गाण्याच्या मास्तरीणबाई म्हणाल्या की भुरका हा श्वासाचा दोष आहे, घोट घेताना नाकाने श्वास सोडत चला. मी तसं केलं. सूप नाकातून आलं, आणि काखेतल्या वर्तमानपत्राने पुसता पुसता कोपरही सुटले. बायको समोर बसून हे सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने जेवायला सुकं केलं.

शेवटी मी तिसऱ्या मजल्यावरच्या जहाजकाकांना गाठलं. ते बावीस वर्षं जहाजाच्या मुदपाकखान्यात होते, त्यामुळे जगात कोण कसं जेवतं हे त्यांच्याशिवाय कोणालाही कळत नाही, असं त्यांचं मत आहे. एका बंदरात म्हणे ताट चाटूनपुसून साफ केलं की यजमानीण पुन्हा भरते, तिथे त्यांचा एक दोस्त तीन दिवस अडकून पडला होता. दुसऱ्या बंदरात ताटात एक घास ठेवला नाही तर यजमान चिडतो. कुठे ढेकर दिला की स्वयंपाकी हात जोडतो, कुठे दिला की पाहुण्याला दार दाखवतात. मी ऐकता ऐकता घामाघूम झालो. "काका, मला फक्त एका देशाचं सांगा," मी म्हटलं. देशाचं नाव ऐकून ते जरा घुटमळले. तिथली लिपी येते म्हणाले, थोडीशी, पोत्यांवर वाचलेली. पण तिथल्या बंदरात ते उतरले नव्हते, कारण तेव्हा त्यांचं पोट बिघडलं होतं.

मी सरकारी माणूस. ऐकीव गोष्टीवर माझा विश्वास नाही, मला कागद लागतो. म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या देशाच्या वकिलातीत गेलो. तिथल्या एक नंबरच्या खिडकीने मला तीनकडे पाठवलं, तीनने अर्ज तीन प्रतींत मागितला, आणि तो घेऊन गेलो तेव्हा ती जेवायला गेली होती. एखाद्याला राग आला असता. मला उलट घरच्यासारखं वाटलं. खिडकीतल्या बाई परत आल्या, त्यांनी माझा 'आपल्या देशातील भोजनविषयक शिष्टाचार अधिकृतरीत्या मिळणेबाबत' हा अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला. घरगुती जेवणाची पुस्तिका संपली होती. सरकारी मेजवानीचीही संपली होती. मग त्यांनी खालचा खण उपसून चार पानांची एक पातळ पुस्तिका काढली.

"जेवणावर एवढीच एक उरली आहे," त्या म्हणाल्या. "वर नाव बघून घ्या, तुमच्या उपयोगाची असेल तरच न्या."

वर नाव होतं, पण त्यांच्या लिपीत. मला ते कसं कळणार? पण मागे रांग होती, आणि रिकाम्या हाताने परत जाणं माझ्या स्वभावात नाही. मी "चालेल, चालेल" म्हणत पुस्तिका पुढे ओढली. नवा कागद समोर आला. पिशवीत शिक्का होता. पुढचं मी केलं नाही, हाताने केलं. त्या बाई शिक्क्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, आपल्याच पेशातला माणूस भेटला म्हणून त्यांना बरं वाटलं असेल.

जहाजकाकांनी पुस्तिका वाचायला दोन दिवस घेतले. "वरचं नाव तुझ्या शिक्क्याखाली गेलंय, काही लागत नाही," ते म्हणाले. "पण नावाशी काय करायचंय? आत माल आहे." आणि माल खरंच होता. यजमानाने गळ्यापर्यंत बटणं लावून काळे कपडे घालायचे. दारात हसायचं नाही. पाहुण्याचा हात दोन्ही हातांत धरून मान खाली घालायची. हे वाचून मी चाट पडलो, केवढी ही विनयशील माणसं. टेबलाशी एक खुर्ची रिकामी ठेवायची आणि तिच्यासमोर ताट पालथं घालायचं. काकांनी खुलासा केला की ते ऐन वेळी येणाऱ्या पाहुण्यासाठी असणार. सगळ्यात वडीलधारा पाहुणा आपला चमचा पालथा ठेवत नाही तोवर कोणी जेवायचं नाही. प्रत्येक पदार्थ संपला की सगळ्यांनी उठून थोडा वेळ गप्प उभं राहायचं. मला वाटलं, अन्न खाली उतरायला बरं पडत असेल.

पण मला सगळ्यात भावला तो शेवटचा नियम. सूप घेण्याआधी प्रत्येकाने, जो माणूस तिथे हजर नाही, त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे. काय संस्कृती आहे बघा. आपल्या घरी जेवायला बसलं की हजर नसलेल्या माणसाचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. मी ठरवलं की आपल्या साहेबांबद्दल बोलायचं. चार चांगले शब्द शोधायला मला अख्खा आठवडा लागला.

जेवणाचा रविवार उजाडला. लेक सकाळीच पाहुण्यांना आणायला गेली होती, त्यामुळे मला मोकळं रान होतं. बायकोने काळे कपडे घालायला साफ नकार दिला, भर दुपारी, एवढ्या उकाड्यात. मी म्हटलं, लेकीच्या संसाराचा प्रश्न आहे. मग घातले. पुटपुटत घातले, पण घातले.

दार उघडलं. समोर व्याही, भलेथोरले, मिशाळ, पेशाने बेकरीवाले. शेजारी विहीणबाई, सडपातळ, लालभडक पोशाख, हातात पिवळ्या फुलांचा गुच्छ आणि चेहऱ्यावर मोठं हसू. मी हसलो नाही. व्याह्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मान खाली घातली. बायकोनेही घातली. विहीणबाईंनी आमच्या कपड्यांकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत टेबलाकडे, रिकाम्या खुर्चीकडे, पालथ्या ताटाकडे. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी फुलं पाठीमागे लपवली आणि अंगावरच्या कोटाची बटणं वरपर्यंत लावली. मी मनात म्हटलं, बघा, दोन मिनिटांत नरमल्या मुख्याध्यापिका. मागे उभी असलेली लेक मला डोळ्यांनी काहीतरी विचारत होती. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, निश्चिंत राहा.

आम्ही बसलो. मी व्याह्यांच्या चमच्याकडे बघत होतो आणि व्याही माझ्या चमच्याकडे. दहा मिनिटं गेली. बटाटे निवले. शेवटी मी माझा चमचा किंचित कलता करून दाखवला, तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडून आपला पालथा ठेवला. काकडीची कोशिंबीर संपली, मी उभा राहिलो. ताबडतोब तेही उभे राहिले, विहीणबाई उभ्या राहिल्या, मुलगा उभा राहिला. लेक बसूनच होती, पण सगळे उभे बघून तीही उठली. पावाचा एक तुकडा खाल्ला, पुन्हा उभे. विहीणबाईंनी टेबलावरून हात पुढे करून माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. बायकोला काय वाटलं कोण जाणे, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. नंतर ती म्हणाली की उकाड्याने आलं असेल.

मग सूप आलं, वाफाळतं. पण आधी भाषण. मी घसा साफ केला आणि साहेबांबद्दल बोलायला लागलो. म्हटलं, माझे साहेब फार शांत. कधी कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. त्यांची खुर्ची नेहमी रिकामी दिसायची, पण पाठीवर कोट असायचा, आणि त्या कोटाकडे बघून आम्ही काम करायचो. इथे मी ओघात रिकाम्या खुर्चीकडे हात केला. जावई हळू आवाजात भाषांतर करत होता. कोटापाशी त्याचा आवाज कापला. विहीणबाईंनी रुमाल काढला. मला स्वतःलाही भरून आलं. साहेबांबद्दल मला असं कधी वाटलं नव्हतं.

व्याही उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली. त्यांच्या अंगाला भाजलेल्या पावाचा वास होता. मग त्यांनी मुलाला काहीतरी विचारलं, आणि मुलाने ते मला विचारलं.

"बाबा विचारतात, साहेब कशाने वारले?"

"वारले?" मी म्हटलं. "परवा माझी रजा नामंजूर केली त्यांनी."

खोलीत जी शांतता पसरली ती पुस्तिकेतल्या कुठल्याच नियमात बसत नव्हती. लेक उठली. "बाबा, हे सगळं काय चाललंय?" तिने विचारलं, अगदी हळू. मी आतून फाईल आणली. हो, मी फाईल केली होती. वर शिक्का ठेवला होता, तोही तसाच आला. जावयाने पुस्तिका घेतली, शिक्क्याचं पान खिडकीच्या उजेडात धरलं, मागून पुढून पाहिलं, आणि लिहिलेलं आधी त्याच्या भाषेत वाचलं. विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग त्याने आमच्या भाषेत सांगितलं. ते शोकाच्या जेवणाचे नियम होते. घरातलं माणूस गेल्यावर जे जेवण करतात, त्याचे.

मी खाली बसलो. लेकीचे डोळे भरलेले दिसत होते आणि तिच्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती. विहीणबाईंचा हात त्यांच्या पर्सवर गेला होता. माझ्या मनात आलं, संपलं. परक्या देशातून दोन माणसं जेवायला आली आणि मी त्यांना माझ्या साहेबांच्या मयताला बसवलं. महिनाभर गप्प जेवलो, नाकातून सूप काढलं, आणि एवढं करून पोरीचं लग्न मीच मोडलं. घाबरलेला माणूस काय करतो? त्याचे हात सवयीचं काम करतात. माझ्या हाताने चमचा उचलला, सुपात बुडवला आणि तोंडाशी नेला.

तो भुरका महिनाभर साठलेला होता. बादलीतलं शेवटचं पाणी मोरीतून जातं तसा तो गेला, सावकाश, लांब, आणि शेवटी एक गिरकी घेऊन. लेकीने डोळे मिटले.

आणि तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून दुसरा आला.

मी वर पाहिलं. व्याह्यांनी चमच्याची भानगडच ठेवली नव्हती. अख्खा वाडगा दोन्ही हातांनी उचलून मिशांखाली लावला होता. मुलगा दबक्या आवाजात त्यांच्या भाषेत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, पण वाडगा खाली येत नव्हता. खालच्या सुरात सुरू झालेला तो भुरका चढत गेला, वर जरा थांबला आणि मग पुन्हा उतरला. मला सांगायला जड जातंय, पण खोटं बोलणार नाही, तो माझ्यापेक्षा सरस होता.

व्याह्यांनी वाडगा ठेवला, मिशा पुसल्या आणि अपराधी चेहऱ्याने मुलाकडे पाहिलं. आधी विहीणबाई हसल्या. अशा हसल्या की त्यांना कोटाची बटणं सोडावी लागली. त्या काहीतरी बोलल्या आणि जावयाचे कान लाल झाले.

"आईने सांगून टाकलं," तो म्हणाला, "मीच बाबांना महिनाभर भुरक्याची मनाई केली होती. बेकरीत सकाळची कॉफीसुद्धा ते फुंकून फुंकून, गुपचूप पीत होते. आई म्हणते, घरात कोणी आहे असंच वाटत नव्हतं."

मग लेकीने सांगितलं, रडत की हसत ते नीट कळत नव्हतं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एकदा एका म्हाताऱ्या वायरमनने जोरात भुरका मारला. सगळ्यांनी तोंडं वाकडी करून वळून पाहिलं. दोनच माणसं, दोन वेगवेगळ्या टेबलांवरची, चमचा खाली ठेवून हसत बसली होती. एक ही, एक तो. त्यांची ओळख तिथली.

"मग बंदी कशाला घातलीस गं?" मी विचारलं.

"त्याच्या आईवडिलांनी एकमेकांकडे नुसतं बघून जरी काही खूण केली असती ना, बाबा," ती म्हणाली, "तर मी हे लग्न केलं नसतं. तुम्हाला कोणी हसलेलं मला चालत नाही."

बोलण्यासारखं खूप होतं, पण मी सूप प्यालो. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि पहिल्याच घोटाला तिने भुरका मारला. लहान होता, पण घराण्याचा होता.

दाराबाहेर कान लावून बसलेल्या जहाजकाकांना बायकोने आत बोलावलं, पालथं ताट सुलटं केलं आणि त्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं. ऐन वेळी येणाऱ्या पाहुण्यासाठीच ती होती, हे आपण आधीच सांगितलं होतं, असं ते त्यानंतर सगळ्यांना सांगत असतात.

जेवण झाल्यावर व्याह्यांनी फाईलवरचा शिक्का उचलून निरखला आणि यावर काय लिहिलंय म्हणून मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, 'आलं, आम्ही घेतलं' असं लिहिलंय. व्याह्यांनी आपल्या बायकोकडे पाहिलं. विहीणबाईंनी मान डोलावली. मग त्यांनी माझ्या लेकीचा हात पुढे घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बेकरीवाल्याच्या बेताने, हलकेच, शिक्का दाबला. आवक.

बत्तीस वर्षांत त्या शिक्क्याने इतकं महत्त्वाचं काम केलं नव्हतं, आणि मी नेमकी तारीख बदलायला विसरलो होतो. शुक्रवारचीच होती. लेक तळवा बघून माझ्याकडे बघत होती, आणि आता पुढे काय करायचं असतं ते मला कळेना. असं काही घरातून जायचं असेल तर त्यावर जावकचा शिक्का लागतो. तो माझ्याकडे नाही, शेजारच्या टेबलावर आहे. आणि खरं सांगू, असता तरी मी तो मारला नसता.

म्हणून मी व्याह्यांच्या हातातून माझा शिक्का घेतला, जावयाचा हात धरला आणि त्याच्या तळव्यावर मारला. आवक. या वेळी तारीख बदलून.